दोरखान्याची पाटी

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

पत्राऐवजी फोन का केला नाही, असं तू विचारशीलच. फोनवर तू "मी बरी, तू बरी ना, ठेवते" यापलीकडे जात नाहीस, आणि मला या खेपेला तुझ्याकडून बरंच काही काढून घ्यायचंय. कागदावर तरी तू मोकळी होशील, अशी आशा आहे.

नदीकाठचा दोरखाना पाडला. नऊ दिवस लागले. डबा खाऊन झाला की मी रोज बघायला जायचे. आधी कौलं उतरवली, मग छपराच्या लाकडी कैच्या, मग यंत्राने भिंती ढकलल्या. ती लांबलचक शेड सगळ्यात शेवटी पाडली. ती पडल्यावर आमच्या कचेरीच्या खिडकीतून एकदम नदी दिसायला लागली. तीस वर्षं कारखाना बंद, तरी आमचा शिपाई म्हणाला, "बाई, काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय."

आता तिथे बाग होणार. पायवाट, बाकं, मुलांसाठी घसरगुंडी. नकाशा मीच काढला आहे. परवा मुख्य अभियंत्यांनी बोलावून सांगितलं, "दारापाशी एक पाटी लावायची. जागेचा इतिहास, दीडशे शब्दांत. तुमचे वडील तिथेच होते ना? मग तुम्हीच लिहा." नकाशात रेघा मारायला सांगा, मारीन. शब्दांचं काम म्हटलं की माझे हात गळतात.

कारखान्याचे कागदपत्र म्हणावे तर तळघरात पाणी शिरून त्यांचा लगदा झालेला. बाबांना मी लहानपणी विचारायचे, तेव्हा ते उठून नळ दुरुस्त करायला लागायचे. आमच्या घरातला एकही नळ कधी गळला नाही, त्याचं कारण हेच असावं. आता ते जाऊनही चार वर्षं झाली. राहिलीस तू. तू तिथे ऑफिसात होतीस एवढंच मला माहीत आहे.

तेव्हा सांग: कारखाना कधी निघाला, किती माणसं होती, काम कसं चालायचं, आणि बंद का पडला? लोक म्हणतात, नावेचा दोर तुटला आणि तिथून सगळं फिसकटलं. खरं का?

तुझी,
चिकटी

२५ जानेवारी

चिकटे,

हे नाव मी तुला तू चार वर्षांची असताना ठेवलं, कारण प्रश्न विचारायला लागलीस की तू सोडायची नाहीस. तेव्हापासून काही सुधारणा दिसत नाही.

आधी एक चूक दुरुस्त कर. मी ऑफिसात नव्हते, कामावर होते. चौदा वर्षं. पहिली सहा पिंजणखात्यात, पुढची आठ दोराच्या ताकदीच्या चाचणीला.

कारखाना माझ्या आजोबांच्या लहानपणी निघाला. नदीकाठीच का? तर माल नावांतून यायचा आणि नावांतूनच जायचा, आणि गिऱ्हाईकही नावावालेच. ताग, काथ्या ओला करायला पाणी लागायचं ते दारातच. ती शेड तीनशे वीस पावलं लांब होती. मी मोजलेली आहे. एवढी लांब का, ते पाटीवर जरूर लिही. दोराला मध्येच सांधा चालत नाही. जेवढा लांब दोर हवा, तेवढी लांब जागा लागते. आणि दोर वळणारा माणूस उलटा चालतो. कमरेला तागाचा पुंजका, पुढे फिरणारा आकडा, आणि हा बोटांतून सूत सोडत मागे मागे जातो. दिवसभरात कित्येक कोस उलटे. आमच्याकडचे एक म्हातारे वळणारे रस्त्यावरूनसुद्धा कोणी हाक मारली तर वळून न बघता चार पावलं मागे यायचे.

सुताचे पदर, तीन पदरांचा दोर. मग डांबराच्या कढईतून काढायचा. त्या वासाची आम्हाला इतकी सवय की घरी गेल्यावर घरच्यांनी नाक मुरडलं की कळायचं, आपल्या अंगाला वास येतोय. पिंजणखात्यात आम्ही साठ बायका. लोखंडी दातांच्या फण्यांवर ताग विंचरायचा. धूळ इतकी की एकमेकींचे चेहरे जेवणाच्या सुट्टीतच दिसायचे. सगळी मिळून दोनशे दहा माणसं. तुझे बाबा रवानगीला होते. तयार दोराची वेटोळी हातगाडीवर घालून धक्क्यावर पोचवायची, हे त्याचं खातं. दादाचा आवाज असा की नदीपलीकडच्या नावाड्याला हाक मारायला त्याला भोंगा लागत नसे.

एवढ्यात तुझे दीडशे शब्द सहज भरतील. थंडी आहे, गळ्याला गुंडाळत जा.

आत्या

६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी कचेरीत मोठ्याने वाचून दाखवलं. उलटं चालणारे आजोबा सगळ्यांना फार आवडले. शिपाई तर दोन दिवस तसाच चालत होता, शेवटी पाण्याच्या माठावर आपटला.

पण बाईसाहेब, शेवटच्या प्रश्नाला तू शिताफीने बगल दिलीस. बंद का पडला? मी हजेरी कारकुनांना गाठलं. ते आता ऐंशीच्या पुढचे आहेत, पण आकडे तोंडपाठ. त्यांनी सांगितलं: नदीवर तेव्हा पूल नव्हता. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाड दोर बांधलेला, आणि त्याला धरून नाव माणसं पलीकडे न्यायची. तो दोर आपल्याच कारखान्याचा. पाणी चढलेलं असताना तो तुटला; कच्चा असून चाचणीत पास झाला होता म्हणे. नावेत अकरा माणसं होती, ती वाचली. पण सुटणाऱ्या दोराच्या फेऱ्यात नावाड्याचा उजवा हात सापडला आणि मनगटापासून गेला. नंतर नावावाल्यांनी आपला माल घेणं बंद केलं, आणि दीड वर्षात भोंगा थांबला.

तेव्हा मी असं लिहिलंय: "चाचणीत झालेल्या चुकीमुळे कच्चा दोर नावेला दिला गेला, आणि त्या अपघातानंतर कारखाना बंद पडला." ठीक वाटतं का? चाचणीला तूच होतीस म्हणालीस, तर त्या वेळी तिथे कोण होतं, तुला आठवत असेल.

चिकटी

९ फेब्रुवारी

आत्या,

सहा तारखेचं पत्र फाडून टाक. न वाचता फाडायला सांगते आहे, पण ते तुला आधीच मिळालं असेल.

आज पुन्हा कारकूनआजोबांकडे गेले होते, एका तारखेसाठी. सहज विचारलं, चाचणीला कोण होतं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "अगं, तुझ्या आत्यानेच तर पास केला तो दोर. साहेबांसमोर स्वतःच्या तोंडाने हो म्हणाली. तुला कोणीच सांगितलं नाही?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं. तू गाव का सोडलंस, बाबा गेले तेव्हासुद्धा सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीने का परत गेलीस, हे मला आज समजलं. आणि मी तुलाच विचारत होते, तिथे कोण होतं म्हणून.

ते वाक्य मी काढून टाकलं आहे. आता फक्त "काही वर्षांनी कारखाना बंद झाला" एवढंच ठेवते. बागेत येणाऱ्यांना त्याहून जास्त कशाला हवं? रागावू नकोस.

चिकटी

२० मार्च

चिकटे,

सव्वा महिना पत्र नाही म्हणून तू दोनदा फोन केलास. मी घेतला नाही. रागावले नव्हते. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा पत्र कचऱ्याच्या डब्यात गेलं. हे पाचवं.

माझी दया करून वाक्य काढलंस, ते मला चालणार नाही. आणि आधीचं वाक्यही चालणार नाही, कारण ते खोटं आहे. चाचणीत चूक झाली नव्हती.

तो दोर मी स्वतः यंत्राला लावला होता. हवा होता त्याच्या पाऊण ताणावरच त्याचा एक पदर उसवला. मी त्याला लाल चिठ्ठी बांधली. लाल म्हणजे नापास, उकलून पुन्हा पिंजायला परत. दादा दुपारी माझ्याकडे आला. म्हणाला, "नवा दोर व्हायला तीन आठवडे लागतील. नावेचा जुना दोर पार कुजलाय. हा त्याच्यापेक्षा तर चांगला आहे ना? तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे." मी म्हटलं, "दादा, लाल म्हणजे लाल." तो निघून गेला.

इथवर मी शहाणी. पुढचं ऐक. तासाभराने मी खिडकीतून पाहिलं. हातगाडीवर तेच वेटोळं होतं, आणि चिठ्ठी नव्हती. मला ओळखायला चिठ्ठी लागत नव्हती. मी हाक मारू शकत होते. दादासारखा नसला, तरी मलाही आवाज होता. मी खाली मान घातली आणि पुढचा दोर यंत्राला लावला. म्हटलं, तीन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. सोळाव्या दिवशी तो तुटला.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "चाचणी कोणाची?" "माझी." "पास केला होता?" दादा भिंतीला टेकून उभा होता. घरी तू चार वर्षांची. मी हो म्हणाले. याला त्याग वगैरे नाव देऊ नकोस, मला उमाळे आवडत नाहीत. ती खिडकी माझ्या डोळ्यांसमोर होती, म्हणून "नाही" हा शब्द तोंडातून निघेना, एवढंच.

जाताना मी दादाला बजावलं, "या गोष्टीचा एक शब्दही मला पुन्हा सांगायचा नाही, लिहायचा नाही. तुझं घर सांभाळ." त्याने ते पाळलं. मी इथे आले, वजनकाट्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात लागले, आणि निवृत्त होईपर्यंत लोकांचे काटे बरोबर करत बसले.

आता हे तुला माहीत झालं. पाटीवर काय लिहायचं ते तू ठरव, पण चूक म्हणू नकोस.

आत्या

२८ मार्च

आत्या,

पत्र मिळालं.

तू खोटं बोलशील असं मला वाटत नाही. पण उत्तर द्यायला बाबा नाहीत, आणि त्यांची बाजू मला कोण सांगणार? माझे बाबा दुसऱ्याच्या दारातला दगडही न विचारता हलवणारे नव्हते. तू एकतीस वर्षं गप्प होतीस, तर आताच का बोललीस, तेही मला?

हे लिहून मला बरं वाटत नाही, पण न लिहिताही वाटलं नसतं. थोडे दिवस मला पत्र लिहू नकोस.

२ मे

प्रिय आत्या,

मागच्या पत्राखाली मी नावसुद्धा लिहिलं नव्हतं. माफ कर.

मी आईला काही विचारणार नव्हते. पण एका रविवारी कपडे वाळत घालताना आपोआप तोंडातून गेलं, "आई, बाबांनी तो दोर स्वतः बाहेर नेला होता का?" आई हातातला टॉवेल पिळत राहिली. पाण्याचा थेंब निघेना, तरी पिळत राहिली. मग म्हणाली, "नावाड्याला विचार. त्यांचं दोघांचं ते होतं. मी मध्ये पडले नाही."

नावाडीकाका तुला आठवतात ना? बाबा दर रविवारी त्यांच्याकडे जायचे. कौलं शाकारायची, पंप दुरुस्त करायचा, लाकडं फोडून द्यायची. मला वाटायचं, मैत्री आहे. मी त्यांच्या अंगणात खेळले आहे, त्यांच्या डाव्या हाताने सोललेली संत्री खाल्ली आहेत.

मी गेले तेव्हा ते दारात बसून मासे धरायचं जाळं शिवत होते. एक टोक पायाच्या अंगठ्यात, सुई डाव्या हातात. मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. (विचारायला हवं होतं तुला. विचारलं नाही.) सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे मला माहीत आहे."

मी म्हटलं, "कधीपासून?"

"तिसऱ्या वर्षापासून. तुझा बाप छपरावर चढला होता. वरूनच म्हणाला, 'ती चिठ्ठी मी सोडली.' मी म्हटलं, आधी खाली उतर, पडशील."

"मग?"

"उतरला. मी त्याला म्हटलं, चिठ्ठी तू सोडलीस, पण तुझ्या मागे हात धुऊन कोण लागलं होतं? मीच ना? रोज सकाळी दारात उभा. 'कसलाही दे, पण दोर दे.' जुना दोर माझ्या हाताखाली तटतट तुटत होता. तू दिला नसतास तर त्याच आठवड्यात बुडालो असतो सगळे." मग म्हणाले, "मी त्याला सांगितलं, बहिणीला कळव. तर म्हणाला, तिने शपथ घातल्यासारखं बजावलंय, एक शब्द लिहायचा नाही. म्हटलं, बजावलं असेल, तरी लिही. त्याचं धाडस झालं नाही. आणि मला लिहिता येत नव्हतं. जो हात शिकला असता तो गेलेला."

आत्या, तिथून येताना मी नदीच्या काठाने आले. बाबांवरचा माझा राग गेलेला नाही. त्यांनी तुला एक पत्र टाकायला हवं होतं. पण ते वाईट नव्हते; जुना दोर कुजल्याची त्यांना काळजी होती, हे तू मला आधीच लिहिलं होतंस. ते मी त्या वेळी वाचलंच नाही.

तुझी,
चिकटी

९ मे

चिकटे,

तुझं पत्र वाचून मी आधी स्वयंपाकघरातली सगळी भांडी घासली. घासलेलीसुद्धा.

म्हणजे अठ्ठावीस वर्षं! त्या दोघांचं छपरावर मिटलं, लाकडं फोडून झाली, पोरीने संत्री खाल्ली, आणि मी इथे एकटी हे गाठोडं घेऊन बसले. नावाड्याला सांग, लिहिता येत नव्हतं हे कारण मला पटलेलं नाही. कोणाकडूनही लिहून घेता आलं असतं. दादाला तर मी काय सांगणार? आणि त्याचं तोंड बंद करणारी मीच, त्यामुळे भांडायलाही जागा नाही.

पत्र माझं होतं, ते दुसऱ्याला वाचून दाखवताना विचारत जावं. या वेळी माफ.

आता पाटी. झालं तसं लिही. कोणाचं नाव घालू नकोस, माझंही नको आणि दादाचंही नको. पण झालं तसं. तिथे दोनशे दहा माणसांची पोटं होती, आणि आपली रोजी का गेली हे त्यांना कधी धड कळलंच नाही.

आत्या

१८ जून

प्रिय आत्या,

मजकूर मंजूर झाला! शेवटचा भाग तुला उतरवून देते:

"नावेने नदी ओलांडण्यासाठी दिलेला दोर तुटून नावाड्याचा हात गेला. तो दोर चाचणीत नापास ठरलेला होता. चाचणी करणाऱ्या बाईंनी त्याला लाल चिठ्ठी बांधली होती. गरजेच्या घाईत ती सोडून दोर बाहेर नेला गेला. दीड वर्षाने कारखाना बंद झाला आणि दोनशे दहा जणांचं काम गेलं."

अभियंते म्हणाले, "एवढं कशाला? लोक बागेत हवा खायला येतात." मी म्हटलं, खाऊ देत, पण पाटी इतिहासाची आहे ना? ते म्हणाले, याला पुरावा काय? माझ्याकडे काय होतं? कागदांचा लगदा. दुसऱ्या दिवशी नावाडीकाका स्वतः कचेरीत आले. इस्त्रीचा सदरा घालून. अभियंत्यांच्या टेबलावर त्यांनी उजवा हात ठेवला, म्हणजे आहे तेवढा, आणि म्हणाले, "पुरावा बघायचा होता म्हणे." साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि सही केली.

आईला मी मजकूर दाखवला. तिने दोनदा वाचला. म्हणाली, "बरोबर आहे," आणि पाणी प्यायला आत गेली.

बाग तीस तारखेला उघडणार. तू ये. राहायचं नसेल तर राहू नकोस, पण ये.

चिकटी

६ जुलै

चिकटे,

सुखरूप पोचले. पण तुला एक गोष्ट सांगायची आहे. पाचच्या गाडीने जाते असं सांगून मी निघाले. मी गेले नव्हते.

झालं असं. तुमचे साहेब भाषण करत होते आणि तू त्यांच्यामागे कात्री घेऊन उभी होतीस. वहिनी माझा हात धरून उभी होती. एकतीस वर्षांत तिने आणि मी एकमेकींना धड पाहिलं नव्हतं, तर त्या दिवशी तिने हात सोडलाच नाही. नावाडी शेजारच्या बाकावर. मी त्याला सुनवायला बरंच पाठ करून आले होते. तो म्हणाला, "केस पांढरे झाले की तुझे," आणि मी सगळं विसरले.

तेवढ्यात पाटीपाशी एक बाई दिसली. पिंजणखात्यात सहा वर्षं ती माझ्या शेजारच्या फणीवर होती. तिच्याविषयी मी तुला कधी बोलले नाही. कारखाना बंद झाल्यावर तिने पंचवीस वर्षं इस्पितळाच्या फरश्या पुसल्या. मी गाव सोडलं त्या सकाळी गाडीच्या थांब्यावर ती समोर आली होती. मी हाक मारली. तिने पाठ फिरवली.

ती पाटी वाचत होती, एकेका शब्दावर बोट ठेवून. वाचून झालं तरी बोट हलेना. मग वळली आणि सरळ माझ्याकडे आली.

"नापास केला होतास तू?"

"हो."

"मग तेव्हा हो का म्हणालीस?"

"तो बाहेर जाताना मी पाहिला होता. गप्प बसले."

तिने पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "एकतीस वर्षं मी तुला शिव्या घातल्या. फरशी पुसताना रोज. त्या नसत्या तर वाकून पुसणं जमलंच नसतं मला. आता कोणाला घालू?"

मी म्हटलं, "मलाच घाल. अर्ध्या तर लागू आहेत."

तिने माझी पिशवी उचलली आणि चालायला लागली. मी मागोमाग. गाडी कधी सुटली ते दोघींनाही कळलं नाही. तिच्या घरी तीन दिवस राहिले. तिची एकच खोली आहे, गुडघे दोन्ही गेलेत, आणि घोरते इतकी की भिंत हलते. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा रडली, मग मला म्हणाली की मी चहा पूर्वीसारखाच वाईट करते.

गुडघे दाखवायला ती पुढच्या महिन्यात इकडे येणार आहे, इथल्या डॉक्टरांना. मी वरच्या मजल्यावर राहते म्हणून कुरकुरत होती. मी आज घरमालकांना भेटून खालची खोली मागून घेतली. सामान हलवायला शनिवार-रविवार तू ये. कपाट जड आहे.

आत्या